जुना कॉम्प्युटर विकताना

(सामुदायिक रेडिओवर केलेलं भाषण, छापण्यासाठी थोडं वाढवून)

मी पनवेलहून बोलतेय. आमच्या भागातल्या काही बचत गटांचं समन्वयाचं काम मी बघते. मासिक बैठका, बँकेची कर्जप्रकरणं, हिशोबाच्या वह्या हे माझं रोजचं काम. कॉम्प्युटर उघडून बघणारी मी नव्हे. बीए झालेली बाई, जोडीला एमएससीआयटीचं सर्टिफिकेट, एवढंच. पण मागच्या दिवाळीत आमच्या एका गटाचा कॉम्प्युटर विकायची वेळ आली आणि त्या महिनाभरात एवढे धक्के खाल्ले की ते तुम्हाला सांगावंसं वाटलं.

आधी त्या कॉम्प्युटरची कुळकथा सांगते. २०१८ साली गटाला पापड-मसाल्याच्या ऑर्डरी मोठ्या यायला लागल्या. बिलं हाताने लिहून कंटाळा आला. मग मी आणि खजिनदार ताई लॅमिंग्टन रोडला गेलो. हार्बरने कुर्ला, तिथून दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड. रस्त्याचं पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलंत तर चार माणसं तुमच्या तोंडाकडे बघतील. तिथे सुटे भाग जोडून कॉम्प्युटर तयार करून देतात. मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस आणि विंडोजचं अधिकृत लायसन्स असे सगळे मिळून ३३,००० रुपये झाले. बिल पक्कं घेतलं. ते बिल पुढे किती कामाला येणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

सात वर्षं त्याने काम केलं. मग तो रडत चालायला लागला. सुरू करून चहा ठेवावा, चहा पिऊन व्हावा, तेव्हा कुठे पडद्यावर चित्र यायचं. दिवाळीच्या साफसफाईत बैठकीत ठरलं की हा काढायचा आणि येणाऱ्या पैशांत भर घालून रंगीत प्रिंटर घ्यायचा, म्हणजे लेबलं घरीच छापता येतील.

भाव विचारायला सुरुवात केली. दारावरून जाणारा भंगारवाला म्हणाला, ७०० रुपये, यूपीएससकट. आमच्या हिशोब बघणाऱ्या दादांनी कागदावर आकडे मांडले. कॉम्प्युटरची किंमत दर वर्षी ४० टक्के घटवायची, असा आयकराच्या घसाऱ्याचा दर आहे. ३३,००० चे पहिल्या वर्षी १९,८०० होतात, दुसऱ्या वर्षी ११,८८०, असं करत सातव्या वर्षाअखेर ९२४ रुपये उरतात. "वहीत याची किंमत हजारसुद्धा नाही, ७०० मिळतायत तर द्या," असं त्यांचं म्हणणं. त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. पण ती वहीतली किंमत. बाजारात वही बघून कोणी पैसे देत नाही, वस्तू काय काम करते ते बघून देतं. हे मला तेव्हा नीट बोलता आलं नाही, आज बोलतेय.

तिसरा भाव एका दुरुस्तीच्या दुकानातून आला. त्या माणसाने कॉम्प्युटर सुरू करून बघितला आणि मान हलवली. "मॅडम, विंडोज १० बंद झालं. यावर विंडोज ११ चालणार नाही. तीन हजार देतो, तेही ओळखीचे आहात म्हणून." त्यात आणखी एक भर. अध्यक्षताईंचा भाचा कॉलेजला आहे, त्याला हवा होता. ताई म्हणाल्या, घरचाच मुलगा आहे, दोन हजारांना देऊन टाकू. बैठकीत सगळ्या गप्प. अध्यक्षताई मनाच्या वाईट नाहीत, गटासाठी रात्री-अपरात्री धावणारी बाई आहे. पण कॉम्प्युटर चौदा जणींचा होता. शेवटी मीच म्हटलं की भाचा घेऊ दे, पण बाजारात काय मिळतं ते आधी बघू आणि तोच भाव त्यालाही लावू. ताई दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

आता त्या दुकानदाराचं बोलणं जरा सोडवून सांगते, कारण सध्या जुना कॉम्प्युटर विकणाऱ्या प्रत्येकीला हेच ऐकायला मिळतंय. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. याचा अर्थ त्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडला असा नाही. तो चालतो, पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या आपोआप येणं थांबलं. घरगुती वापर करणाऱ्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा मुदत घेण्याची सोय ठेवली आहे. विंडोज ११ घ्यायचं तर काही अटी आहेत. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्याच्या पुढचा लागतो, मेमरी किमान ४ जीबी लागते आणि टीपीएम २.० नावाची एक सुरक्षेची सोय मशीनमध्ये चालू असावी लागते.

पिढी कशी ओळखायची? सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात अबाउट असं उघडा. तिथे प्रोसेसरचं नाव दिसतं. आमच्यावर लिहिलं होतं कोअर आय३-८१००. आय३ नंतरचा जो आकडा, त्यातला पहिला अंक म्हणजे पिढी. ८१०० म्हणजे आठवी. ७१०० असतं तर सातवी. आकडा पाच अंकी असेल, १०१०० सारखा, तर पहिले दोन अंक घ्यायचे, म्हणजे दहावी. मैत्रिणींनो, हा एक आकडा पाठ करून दुकानात गेलात तर बोलण्याची पद्धतच बदलते. आय५ आहे, आय७ आहे, एवढंच सांगून उपयोग नाही. बारा वर्षांपूर्वीच्या आय७ पेक्षा अलीकडचा आय३ पुष्कळदा जास्त भावाने जातो.

आमचा आठव्या पिढीचा होता. म्हणजे विंडोज ११ चालायला हवं. गटातल्या एका ताईंची मुलगी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते. तिने मायक्रोसॉफ्टचंच 'पीसी हेल्थ चेक' नावाचं फुकट मिळणारं प्रोग्रॅम लावून बघितलं. त्यात आलं, चालणार नाही. पण ती पोरगी तिथे थांबली नाही. कारण वाचलं तर लिहिलं होतं की टीपीएम सापडत नाही. मग तिने मशीन सुरू होताना जी निळी-काळी सेटिंगची पाटी उघडता येते, तिथे जाऊन शोधलं. इंटेलच्या मशीनमध्ये त्या सोयीचं नाव पीटीटी असं असतं. ती सोय मदरबोर्डमध्ये होती, पण बंद ठेवलेली होती. एक बटण चालू केलं, पुन्हा तपासलं, सगळ्या खुणा हिरव्या. दुकानदाराला हे माहीत नव्हतं की माहीत असून बोलला नाही, ते मी सांगू शकत नाही. पण तीन हजारांचा भाव त्या एका बंद बटणावर ठरला होता.

इथे कोणाच्या घरी सातव्या पिढीचा किंवा त्याहून जुना कॉम्प्युटर असेल तर निराश होऊ नका, पण लपवूही नका. लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली त्यावर चालते. टायपिंग शिकणाऱ्याला, हिशोब करणाऱ्याला, मुलांना अभ्यासाचे व्हिडिओ दाखवायला तो पुरतो. भाव कमी येईल, पण भंगारापेक्षा जास्तच येईल.

मग प्रश्न आला तो रडत चालण्याचा. त्याचं दुखणं हार्ड डिस्कमध्ये होतं. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, ग्रामोफोनसारखी, आणि वय झालं की ती मंदावते. तिच्या जागी एसएसडी बसवतात, त्यात फिरणारं काही नसतं. आम्ही २५६ जीबीची एसएसडी १,७०० रुपयांना घेतली. बैठकीत यावर चांगलंच वाजलं. विकायच्या वस्तूवर खर्च कशाला, असं दोघींचं म्हणणं. मी म्हटलं, आपण मसाला विकताना पिशवीला चांगलं लेबल लावतो, तसं समजा. पण हेही सांगते की हा नियम सगळीकडे लागत नाही. एसएसडीने मशीनचा सगळा चेहरा बदलतो म्हणून तो खर्च वसूल होतो. विकायच्या मशीनमध्ये नवा मॉनिटर, महागडं कार्ड वगैरे घालून पैसे परत येत नाहीत. मेमरी वाढवायचीही गरज नव्हती, आमच्यात ८ जीबी होती.

मेमरीवरून आठवलं. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत मेमरीचे, म्हणजे रॅमचे भाव जगभर चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जी प्रचंड डेटा सेंटर उभी राहतायत, त्यांना चिप लागतात आणि कारखाने तिकडे वळले. त्याची झळ पार पनवेलच्या दुकानापर्यंत आली. नवं घेणाऱ्याला महाग पडतं, तर जुन्यातल्या चांगल्या रॅमला मान मिळतो. म्हणून विकण्याच्या आदल्या आठवड्यात बाजारात भाव विचारा. सहा महिन्यांपूर्वी शेजारणीने काय भावाने विकला त्यावर जाऊ नका.

आणखी एक. सगळं एका गाठोड्यात विकू नका. आपल्या बाजारात कोळीण पापलेट आणि बोंबील एका वाट्यात घालते का? पापलेटाचा वाटा वेगळा. तसंच मॉनिटर, सीपीयू, यूपीएस यांचे भाव वेगवेगळे विचारा आणि मग एकत्र द्यायचं की सुटं ते ठरवा. आमच्या यूपीएसची बॅटरी मेलेली होती. ती गाठोड्यात गेली असती तर फुकट गेली असती. त्या बॅटरीत शिसं असतं, त्यामुळे बॅटरीच्या दुकानात वजनावर पैसे मिळतात. दोनशे रुपये आले. थोडेच, पण भंगारवाल्याने सगळ्याचे मिळून सातशे लावले होते हे लक्षात घ्या.

लॅपटॉपचं थोडं निराळं असतं. तिथे गिऱ्हाईक आधी बॅटरी बघतं, मग झाकणाच्या बिजागऱ्या, मग पडद्यावर डाग, मग कीबोर्डची बटणं, आणि चार्जर कंपनीचा आहे की दुसराच. बॅटरी किती उरली हे तोंडी सांगण्यापेक्षा कागदावर दाखवता येतं. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढायची सोय आहे, कुठलाही जाणता मुलगा दोन मिनिटांत काढून देईल. त्यात नवी असताना क्षमता किती होती आणि आता पूर्ण चार्ज केल्यावर किती भरते, हे दोन्ही आकडे येतात. तो कागद पुढे ठेवला की घासाघीस निम्मी होते. आपल्याकडच्या पावसाळी हवेने चार्जिंगच्या भोकात आणि बिजागऱ्यांत गंज धरतो, तेवढं मात्र मऊ कोरड्या ब्रशने साफ करून घ्या. ओल्या फडक्याने पुसू नका.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं. आमच्या दुसऱ्या एका गटातल्या ताई. त्यांचे मालक न्हावाशेव्याकडे एका गोदामात कामाला होते, अचानक गेले. त्यांचा लॅपटॉप वर्षभर कपाटात पडून होता. सुरूच होत नव्हता. ताईंनी तो भंगारात ५०० रुपयांना दिला. महिनाभराने धाकट्या मुलाने विचारलं, बाबांचा आवाज असलेला माझ्या वाढदिवसाचा व्हिडिओ कुठे आहे? तो त्या लॅपटॉपमध्येच होता. ताईंना वाटलं होतं, मशीन मेलं म्हणजे आतलं सगळं मेलं. तसं नसतं. पुष्कळदा चार्जर गेलेला असतो, नाहीतर बोर्ड. आतली डिस्क शाबूत असते. ती काढून काही शे रुपयांच्या एका डबीत बसवली की पेन ड्राइव्हसारखी दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते. आम्ही दोघी तळोज्याच्या रस्त्याने चार भंगारवाल्यांकडे हिंडलो. एकाने सांगितलं, लॅपटॉप त्याच आठवड्यात कुर्ल्याला गेला. त्यानंतर त्या ताई याविषयी बोलल्या नाहीत आणि मीही काढलं नाही.

म्हणून भावाच्या आधी हे काम करा. बंद असो की चालू, डिस्कमध्ये काय आहे ते बघा आणि हवं ते दुसरीकडे उतरवून घ्या. उतरवलेलं उघडतंय का तेही बघा, नुसती फाइलींची नावं दिसली म्हणून समाधान मानू नका.

दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची. आमच्या कॉम्प्युटरमध्ये चौदा जणींची आधार कार्डं, पॅन कार्डं, पासबुकाची पहिली पानं, कर्जाचे अर्ज आणि फोटो-सह्या होत्या. कुणाच्याही हातात हे पडलं तर काय होईल विचार करा. डिलीट केलं, रिसायकल बिन रिकामी केली, की आपल्याला वाटतं गेलं. पण ते पुस्तकाची अनुक्रमणिका फाडण्यासारखं आहे. पानं आत तशीच असतात, वाचणारा वाचतो. नुसत्या घाईच्या फॉरमॅटचंही तसंच. विंडोजमध्ये 'रीसेट धिस पीसी' आहे, त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडायचं आणि पुढच्या सेटिंगमध्ये 'क्लीन डेटा' चालू करायचं. याला काही तास लागतात, पण जुन्या डिस्कसाठी घरच्या घरी करण्यासारखा हा चांगला उपाय. आम्ही तर जुनी डिस्क काढूनच ठेवली. नवी एसएसडी घालण्याचा हा दुसरा फायदा. विकत घेणाऱ्याला कोरं मशीन आणि आपलं सगळं आपल्या घरात.

त्याआधी गुगलमधून, ईमेलमधून बाहेर पडा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काढा. फोनवर व्हॉट्सअॅपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडून तो कॉम्प्युटर काढून टाका. टॅली वापरत असाल तर त्याचं लायसन्स आधी सरेंडर करा, नाहीतर नव्या मशीनवर चालू करताना अडकाल. आमचं अडकलं असतं, दादांना वेळेवर आठवलं.

विकायचं कुठे? माझ्या अनुभवाने घाई असेल तर दुकान, वेळ असेल तर वापरणारा माणूस. दुकानदाराला पुढे विकून कमवायचं असतं, त्यात त्याची चूक नाही, पण त्याचा नफा तुमच्या भावातून जातो. नवं घेताना जुनं बदलून देण्याची जाहिरात असते तिथे एक काळजी घ्या. आधी जुन्याचा विषयच काढू नका. नव्याची शेवटची किंमत पक्की करा. मगच म्हणा, माझ्याकडे जुना आहे. नाहीतर जी सूट तुम्हाला तशीही मिळणार होती तीच जुन्याचे पैसे म्हणून दाखवतात. घरी येऊन घेऊन जाणाऱ्या कंपन्या मोबाइलवर एक आकडा दाखवतात आणि दारात आल्यावर माणूस ओरखडे मोजून तो खाली आणतो. त्या वेळी नाही म्हणायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. चहा दिला म्हणून लॅपटॉप द्यायलाच हवा असं नाही.

वापरणारा माणूस शोधायला आम्ही ओएलएक्सवर टाकलं, आणि त्याहून कामाचं म्हणजे नवीन पनवेल आणि खांदा कॉलनीत कॉलेजांजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत चिठ्ठ्या लावल्या. टायपिंगचे क्लास, एमएससीआयटीची केंद्रं, शिकवण्या घेणाऱ्या बायका, नुकतं ऑफिस टाकलेले वकील यांना साधं चालणारं मशीन हवं असतं. ज्यांना थांबता येईल त्यांनी जून ते ऑगस्ट साधावा, कॉलेजांचे प्रवेश असतात. दिवाळीत नव्यावर सूट असते आणि घरोघरी जुनी निघतात, तेव्हा भाव पडतो. आम्हाला प्रिंटर हवा होता म्हणून थांबलो नाही.

जाहिरातीत सगळं लिहिलं. प्रोसेसर, मेमरी, एसएसडी नवी, विंडोज ११ लायसन्ससह, २०१८ चं मूळ बिल आहे. आणि हेही लिहिलं की मॉनिटरच्या डाव्या कोपऱ्यात फिकट डाग आहे, यूपीएस नाही. फोटो दिवसाउजेडी, मशीन चालू ठेवून काढले, त्यात डागाचाही फोटो. दोष लपवला की गिऱ्हाईक तो शोधतंच आणि मग नसलेले दोषही शोधायला लागतं. किंमत ११,००० लिहिली. मनात ९,००० धरले होते आणि त्याखाली जायचं नाही हे बैठकीत लिहून ठेवलं होतं. ते लिहिलेलं असल्यामुळे फोनवर माझी जीभ घसरली नाही.

फोन पुष्कळ आले. तिसऱ्याच फोनवर एक साहेब हिंदीत बोलले. सैन्यात आहे म्हणाले, बदली झाली आहे, कॉम्प्युटर न बघताच ११,००० देतो. घासाघीस नाही, चौकशी नाही. मग व्हॉट्सअॅपवर गणवेशातला फोटो, ओळखपत्र, आणि एक क्यूआर कोड. "मॅडम, यह स्कॅन कीजिए, पैसा आपके खाते में आएगा." मी इतक्या बैठकांत सांगत आलेय, तरी त्या क्षणी मोबाइल हातात घेतला होता हे कबूल करते. ११,००० ऐकून डोकं हललं होतं. पिन मागितल्यावर थांबले.

मैत्रिणींनो, पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन फक्त पैसे द्यायला लागतो. क्यूआर कोड आपण स्कॅन केला म्हणजे आपण देणारे. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्याला यूपीआयवर पैशाची मागणी पाठवायची सोय बंद केली आहे, त्याने एक दार बंद झालं, पण क्यूआरचं दार उघडंच आहे. दुसरा प्रकार म्हणजे पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट किंवा खोटा मेसेज. कधी कधी वर रडगाणं, चुकून जास्त गेले, जादाचे परत करा. मेसेजवर भरवसा नको. स्वतःच्या बँकेचं अॅप उघडून शिल्लक बघा, मगच वस्तू सोडा. आणि फसलातच तर लाजून बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त.

दुसऱ्या एका गटातल्या मुलीने तर क्यूआर स्कॅन करून पिन टाकलाच होता. तिचे नऊ हजार गेले. तिने घरात चार दिवस सांगितलं नाही. ते चार दिवस महाग पडले.

शेवटी आमचा कॉम्प्युटर घेतला कामोठ्याच्या एका शिकवणी घेणाऱ्या मॅडमनी. त्या नवऱ्याला घेऊन समाजमंदिरात आल्या. आम्ही मुद्दामच घरी बोलावलं नाही, आणि आमच्याही तिघी-चौघी हजर होत्या. त्यांनी तासभर सगळं चालवून बघितलं. आवाज, इंटरनेट, यूएसबीची भोकं, सगळं. बघू द्या, घाई करू नका. बघून घेतलेली वस्तू परत येत नाही. त्या ८,००० म्हणाल्या. मी १०,००० म्हटलं. ९,००० वर जमलं. अध्यक्षताईंच्या भाच्याला आधी विचारलं होतं, त्याने तेवढ्या पैशांत नको म्हणून सांगितलं.

एक साधा कागद केला. घेणाऱ्याचं नाव-पत्ता, ओळखपत्राची झेरॉक्स, मशीनचं वर्णन, किंमत, तारीख, "पाहून व तपासून आहे त्या स्थितीत घेतला" एवढं वाक्य, आणि दोघांच्या सह्या. मूळ बिलाची झेरॉक्स त्यांना दिली. चोरीचा माल नाही हे त्यांना दाखवता येतं, आणि उद्या त्या मशीनवरून कोणी काही उद्योग केलेच तर आपण कोणत्या दिवशी विकला ते आपल्याला दाखवता येतं. गटाची वस्तू असेल तर त्याआधी ठराव हवा. आलेले सगळे भाव इतिवृत्तात लिहा, ७०० आणि २,००० सुद्धा. पैसे थेट गटाच्या खात्यात घ्या, कुणा एकीच्या मोबाइलवर नकोत.

ज्याचं काहीच येत नाही त्याचं काय करायचं? फुटका मॉनिटर, जळालेला बोर्ड, जुना पेटीसारखा काचेचा मॉनिटर. कुणीतरी सांगतं, कॉम्प्युटरमध्ये सोनं असतं, जपून ठेवा. असतं, खोटं नाही. टोकियो ऑलिंपिकची पदकं जुन्या उपकरणांतून काढलेल्या धातूंचीच केली होती. पण त्यासाठी जपानभरातून जवळजवळ ७९ हजार टन उपकरणं आणि ६२ लाख मोबाइल गोळा झाले, तेव्हा सोनं निघालं ३२ किलो. आपल्या एका मशीनच्या वाट्याला काय येणार? आणि ते काढायला आपल्याकडे गल्लीबोळात वायरी जाळतात, आम्लात बोर्ड बुडवतात. त्या धुरात बायका-पोरं बसलेली असतात. पेटीसारख्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, ती फोडू नका. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि त्याप्रमाणे माल बनवणाऱ्या कंपन्यांवर त्याची जबाबदारी आहे. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून कुठे द्यायचा ते विचारा, किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्यांनाच द्या.

आमचा हिशोब असा झाला. विक्रीचे ९,००० आणि बॅटरीचे २०० आले, एसएसडीचे १,७०० गेले, हातात ७,५०० राहिले. त्यात भर घालून प्रिंटर आला, आता लेबलं आमच्याच खोलीत छापतात. डिप्लोमावाल्या पोरीला गटाने ५०० रुपये आणि एक ड्रेसपीस दिला, तोही ठराव करून. जुनी डिस्क खजिनदार ताईंच्या कपाटात आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, वर चौदा जणींची नावं लिहिलेली चिठ्ठी. आणि त्या लॅपटॉपवाल्या ताईंनी गेल्या महिन्यात मला त्यांच्या मालकांचा जुना मोबाइल आणून दिला. तो सुरू होत नाही. सध्या त्या पोरीकडे आहे, ती बघतेय.